शेळ्यांखाली गेलेले बाबा

"याच्यापेक्षा आमचा कार्यक्रम बरा होता," असं बाबा जेवता जेवता म्हणाले आणि घरातल्या बाकी तिघांचे घास हवेतच राहिले.

वाक्य तसं साधंच होतं. पण आई गेल्यापासून बाबांची सगळी भाषा 'हं' आणि 'चालेल' या दोन शब्दांत येऊन बसली होती. त्या मानाने हे म्हणजे भाषणच. समोर टीव्हीवर चमचमत्या कोटातला एक इसम स्वतःच्याच विनोदावर टाळ्या वाजवत होता. जावई "कोणता कार्यक्रम, बाबा?" असं विचारेपर्यंत बाबा पुन्हा ताटात शिरले होते.

लेकीला मात्र विचारायची गरज नव्हती. तिच्या माहेरी बोलणं कुठूनही सुरू झालं तरी ते फिरून त्या एका कार्यक्रमावर येत असे. टीव्हीवर एकच वाहिनी होती, त्या काळातली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी तो लागला की रस्ते ओस पडायचे. गळ्याला बो लावलेला सूत्रधार जिन्यावरून उतरायचा, पांढऱ्या कोटातला वाद्यवृंद वाजू लागायचा, मध्ये दोनतीन नाटुकली, मग एखादे पाहुणे गायक किंवा गायिका, आणि शेवटी सगळेजण रंगमंचावर येऊन प्रेक्षकांना हात करायचे. बाबा वीज खात्यात मीटर वाचायचे आणि संध्याकाळी हौशी नाटकमंडळीत सतरंज्या उचलायचे. एकदा मंडळातला एक नट आयत्या वेळी आजारी पडला आणि बाबांना थेट टीव्हीवर नेऊन बसवण्यात आलं. बसवण्यात आलं हे शब्दशः. न्हाव्याच्या दुकानातलं नाटुकलं होतं. न्हावी आणि दुसरं गिऱ्हाईक यांचं कडाक्याचं भांडण, आणि खुर्चीत तोंडभर फेस घेऊन बसलेला तिसरा माणूस म्हणजे बाबा. वाक्य एकही नाही. पण भांडण ऐन रंगात आलेलं असताना बाबा असे काही शिंकले, की फेस न्हाव्याच्या चष्म्यावर, सूत्रधाराच्या बोवर आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांवर गेला. पुढचं गाणं ज्या बाईंचं होतं त्यांना इतकं हसू लोटलं, की वाद्यवृंदाने सुरुवातीची धून पुन्हा पुन्हा वाजवली तरी त्यांना तोंड उघडता येईना. प्रक्षेपण थेट होतं. सगळ्या देशाने पाहिलं.

लेकीने सोडून. ती तेव्हा आईच्या खांद्यावर झोपली होती.

आता या लेकीविषयी. ती शिकलेली होती, एका मुलीची आई होती, आणि तिचा नवरा तिला 'काळजीवाहू सरकार' म्हणायचा. कारण विचारलं तर सांगायचा, "मोठा निर्णय एकही घेत नाही, पण कारभार अहोरात्र चालू." मुलगी शिंकली तर थर्मामीटर, थर्मामीटर पडला तर पाऱ्याची काळजी, पारा सापडला तर तो सगळा सापडला का याची काळजी. मुलीचं नाव काहीही असलं तरी सगळे तिला भिंगरी म्हणत, आणि अशा आईला अशी मुलगी व्हावी यात कुणाचा तरी खोडसाळपणा असावा.

सध्याची मोठी काळजी होती बाबांची. महिनाअखेरीला ते तिच्या भावाकडे परदेशी जायचे होते, कायमचे. इथे दोन खोल्या, बाबांची कॉट बैठकीत, येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यांच्या पायाशी बसणार. तिकडे स्वतंत्र खोली, खिडकीत झाड. भावाने विचारलं तेव्हा "इथेच राहा" असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं, आणि बाहेर काय पडलं, तर "तिकडे हवा चांगली आहे म्हणे." बाबा म्हणाले, "चालेल." तेव्हापासून ते न म्हटलेलं "इथेच राहा" ती भांडी घासता घासता मनातल्या मनात म्हणत होती.

म्हणून तिने ठरवलं. ते जुनं चित्रण शोधून काढायचं आणि जायच्या आधी बाबांना ते दाखवायचं. त्यांना एकदा पोट धरून हसताना पाहायचं. बस, एवढंच. पुढे जे रामायण झालं ते या 'एवढंच'मुळे झालं.

"त्यापेक्षा त्यांच्याशी गप्पा मार ना," नवरा म्हणाला.

"गप्पा काय मारायच्या? ते बोलतच नाहीत."

"तू दोन मिनिटं बसतेस तरी का त्यांच्यापाशी? बसलीस की उठून त्यांची खिडकी बंद करतेस."

तिने उठून खिडकी बंद केली आणि विषय संपवला.

काम गुपचूप करायचं होतं, म्हणून तिने ते फक्त वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना सांगितलं. त्यामुळे संध्याकाळपर्यंत ते सगळ्या इमारतीला कळलं. बाबांना तेवढं कळलं नाही, कारण त्यांना कुणी काही सांगायला गेलं तरी ते 'हं' म्हणत आणि सांगणाऱ्याचाच धीर सुटे. पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं आणि अर्ज लिहायला घेतला. त्यांच्या मते अर्जाचं अर्धं वजन पहिल्या परिच्छेदात असतं. त्यामुळे पहिल्या परिच्छेदात दूरचित्रवाणीचा जन्म, तिचं समाजकार्य आणि मान्यवर महोदयांची कार्यतत्परता एवढं येऊन गेलं, बाबा शेवटच्या ओळीत कसेबसे मावले.

"पण तारीख?" ते म्हणाले. "तारखेशिवाय अर्ज म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट."

तिने बाबांना आडून विचारलं. "बाबा, तुमचा तो कार्यक्रम कधी झाला होता हो?"

"शनिवारी."

"हो, पण कोणत्या?"

बाबांनी बराच विचार केला. "संध्याकाळी," ते म्हणाले.

तारीख शेवटी समोरच्या शिवणवाल्या मावशींनी काढून दिली. मावशींनी तो कार्यक्रम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता आणि त्यांना तो लख्ख आठवत होता. फक्त त्यांच्या आठवणीतला फेसवाला माणूस चांगला जाडजूड आणि टकला होता. "तुझे बाबा म्हणतेस? असतील बाई. पण तो चांगला धिप्पाड होता हो." मात्र त्या संध्याकाळी त्यांच्या धाकट्याच्या कांजिण्यांवर खपली धरली होती, हे नक्की. मग धाकट्याला फोन. धाकटा आता दोन मुलांचा बाप, कचेरीत बैठकीत बसलेला. त्याला मावशींनी सगळ्यांदेखत फोनवर विचारलं, "अरे, तुला खाज कधी थांबली होती?" कांजिण्यांवरून शाळेची बुडालेली परीक्षा, परीक्षेवरून महिना, आणि महिन्यातल्या शनिवारांतून पोस्टमास्तरांच्या तर्कशक्तीने एक शनिवार. इतक्या कसोशीने इतिहासकारसुद्धा तारीख काढत नसतील.

टीव्ही केंद्राच्या संग्रह विभागात भर उन्हातही हुडहुडी भरायची, कारण फिती खराब होऊ नयेत म्हणून तिथे हवा गार ठेवत. माणसं खराब झाली तर चालत असावीत. टेबलामागच्या बाई शाल पांघरून बसल्या होत्या. त्यांनी पोस्टमास्तरांचा पहिला परिच्छेद पूर्ण वाचला, मान डोलावली आणि विचारलं, "कलाकार हयात आहेत?"

"हो, हो! घरी आहेत."

"मग ते स्वतः का नाही आले?"

"त्यांना कळू द्यायचं नाहीये. गंमत म्हणून दाखवायचंय."

"असं का. मग त्यांची लेखी संमती लागेल."

"अहो, पण त्यांना कळू द्यायचं नाहीये!"

"कळू नका देऊ. फक्त सही आणा."

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने बाबांसमोर कागद ठेवला. "भिंगरीला शाळेतून आणायला तुम्हाला परवानगी लागते, त्यासाठी." बाबांनी न वाचता सही केली, "हं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खरोखरच बूट घालून शाळेत जाऊन उभे राहिले. भिंगरीची रिक्षा निघून गेल्यावरही ते बराच वेळ फाटकाशी थांबले, हे तिला शाळेच्या पहारेकऱ्याकडून कळलं. ती खोटं बोलायला शिकलेली नव्हती. शिकलेली असती तर खोटं पूर्ण तरी केलं असतं. मग तिने रिक्षाच बंद केली आणि भिंगरीला आणायचं काम बाबांकडे सोपवलं. निदान त्यामुळे तिच्या दुपारी मोकळ्या झाल्या. त्या सगळ्या तिने संग्रह विभागात घातल्या.

रोज निघताना मात्र बाबांना बजावून जायची. "बाबा, गॅसचा खटका खाली करा. भिंगरीला शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. बाल्कनीचं दार लावा. ती शिंकली तर मला फोन करा." बाबा म्हणत, "चालेल."

शालवाल्या बाईंनी सही तपासली आणि पुढचा प्रश्न काढला. "चित्रणातली व्यक्ती हीच, याला पुरावा?"

तिने बाबांचा तरुणपणीचा फोटो पुढे केला.

"हा चेहरा दिसतोय. पण तुम्ही म्हणता चित्रणात चेहऱ्याला फेस आहे. मग आम्ही ओळख कशी पटवायची?"

यावर कुणाचीही मती गुंग झाली असती. ती तशीच घरी आली आणि जिन्यात पोस्टमास्तर भेटले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सोपं आहे. फेस लावलेला फोटो द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करायला न्हाणीघरात गेले तशी ती फोन घेऊन दारामागे दबा धरून उभी राहिली. आतून काहीतरी कुजबुज येत होती. तिने दार ढकललं. गालांना फेस लावलेले बाबा आरशासमोर स्टुलावर बसले होते, गळ्याशी टॉवेल होता, आणि त्यांच्यासमोर भिंगरी हातात दाढीचा ब्रश घेऊन उभी होती, लाल होऊन, हसू दाबत.

"ओल्या फरशीवर काय करतेस? आणि ब्लेड आहे तिथे! चल, बाहेर हो आधी."

भिंगरी बाहेर गेली. बाबा उठायला लागले.

"बाबा, हलू नका. इकडे बघा."

"कशाला?"

"डॉक्टरांना दाखवायचंय. त्वचा."

तिने फोटो काढला. नंतर कित्येकदा तिने तो फोन उघडून पाहिला. बाबा कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, फेसातून दोनच डोळे दिसत आहेत, आणि डोळ्यांत काही नाही. नुकतंच तिथून काहीतरी उठून बाहेर गेलेलं असावं तसे ते दिसत होते. तेव्हा तिला वाटलं, फोटो छान स्पष्ट आला.

फोटोने काम केलं. बाईंनी तो अर्जाला टाचला, शाल सावरली आणि म्हणाल्या, "मिळाली तुमची फीत. तुमची तारीख अगदी बरोबर होती." तिला आनंदाने भडभडून आलं. तिने तिथूनच पोस्टमास्तरांना फोन लावला, आणि त्यांनी फोन ठेवायच्या आत तळमजल्याचा हॉल शनिवार संध्याकाळसाठी ठरवून टाकला. खुर्च्या, पडदा, कुणाच्या तरी भाच्याकडून प्रोजेक्टर. मावशींना प्रास्ताविक करायचं होतं, त्यांनी त्यासाठी झालरीची साडी काढली. फीत अजून कुणी पाहिली नव्हती, ही गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही.

फीत पाव किलोच्या साबणाच्या चार वड्या एकत्र ठेवाव्यात एवढी होती आणि ती चालवणारं यंत्र केंद्रात एकच उरलं होतं. पडद्यावर आधी मुंग्या आल्या. मग संथ सनई. मग एक शेळी.

"हे काय?"

"शेळीपालन, भाग दुसरा," बाईंनी फितीवरची चिठ्ठी वाचली.

"पण आमचा कार्यक्रम?"

"तो याच्याखाली होता." बाई अगदी सहज बोलल्या. "फिती महाग होत्या हो त्या वेळी. एक दाखवून झालं की पुसायचं आणि त्याच्यावर दुसरं घ्यायचं. पद्धतच होती तशी."

"पुसायचं? गाणी, नाटुकली, सगळं?"

"सगळं. तेव्हा कुणाला वाटलं होतं, पुढे कुणी मागायला येईल म्हणून."

तिने शेळीपालन शेवटपर्यंत पाहिलं. शेळीला कोणता पाला द्यावा, खूर कसे कापावेत, गोठा किती उंचीवर असावा, करडाला थंडीत काय पांघरावं. शेवटच्या मुद्द्याशी ती मनापासून सहमत झाली. आशा अशी होती, की शेळ्या आधी संपतील आणि खाली थोडा शनिवार उरला असेल. उरला होता. शेवटची शेळी हिरवळीत गेली, चित्र हललं, आणि क्षणभर वाद्यवृंद वाजला. रंगमंचावर गर्दी होती, सगळे हात करत होते. सूत्रधार वाकला. अगदी कडेला, चौकटीच्या बाहेर जाता जाता, एक खांदा आणि टॉवेल धरलेला एक हात दिसला. तो हात हलत होता. की नुसता टॉवेल झटकत होता. मग पुन्हा मुंग्या.

"आमचे बाबा!" ती म्हणाली.

"असतील," बाई म्हणाल्या. "किंवा न्हावी."

ती त्या दिवशी लवकर घरी आली. शनिवारी हॉलभर माणसांसमोर काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत तिने आपल्या किल्लीने दार उघडलं, आणि उंबऱ्यातच थबकली. घरात कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं. आवाज तिला ओळखूच येईना. कुणी पाहुणा आलाय का, अनोळखी माणूस शिरलाय का, असं सगळं मनात येऊन गेलं आणि मग कळलं, बाबा आहेत.

बैठकीत बाबा जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीत बसले होते. गळ्याशी चादर, तोंडभर फेस. भिंगरी स्टुलावर उभी राहून न्हाव्याचा आवाज काढत होती. मग उडी मारून दुसरं गिऱ्हाईक होत होती. "माझा नंबर आधी होता!" "नंबर काय कपाळावर लिहिलाय?" बाबा फेसातूनच वाक्यं पुरवत होते, पाय आपटून वाद्यवृंद वाजवत होते. मग त्यांनी डोळे मिटले, नाक फेंदारलं, मान मागे नेली, अजून मागे नेली. भिंगरी श्वास रोखून उभी.

आणि दारातून आवाज आला, "अगं, स्टूल डुगडुगतंय! उतर आधी! बाबा, पंखा चालू आहे आणि तोंड ओलं. सर्दी झाली म्हणजे विमानात काय करणार?"

हे ती बोलली होती. बोलून होईपर्यंत तिचं तिलाही कळलं नाही. तोंड तिचं, शब्द तिचेच, नेहमीचे, पाठ असलेले.

बाबांची मान पुढे आली. त्यांनी चादरीच्या टोकाने फेस पुसला. आधी एक गाल, मग दुसरा. "झालंच होतं," ते म्हणाले.

"कुठे झालं होतं?" भिंगरी चिडली. "शिंक राहिली. आणि माझं गाणं राहिलं. आई, तू आज लवकर का आलीस? आम्ही रोज करतो, तू गेलीस की."

"रोज?"

"हो. न्हाणीघरात पण करायचो, तू ब्लेड ब्लेड केलंस म्हणून इथे आणलं."

ती तशीच खांद्यावरच्या पिशवीसकट खुर्चीत बसली. कार्यक्रम तिच्याच घरी, तिच्याच बैठकीत, रोज दुपारी थेट लागत होता. आणि त्याच वेळी ती शाल पांघरलेल्या बाईंसमोर बसून त्याची फीत मागत होती.

"पुन्हा करा ना," ती म्हणाली. "मी गप्प बसते. खरंच."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. कधी नव्हे ते त्यांना हसू येतंय असं तिला वाटलं. "आता फेस सुकला, बाळ," ते म्हणाले.

शनिवार टळणार नव्हताच. फितीचं ऐकून पोस्टमास्तर डगमगले नाहीत. "शेळ्या गेल्या खड्ड्यात," ते म्हणाले. "मूळ कलाकार आपल्याकडे आहेत. थेट प्रक्षेपण करू." बाबांना तेव्हा कुठे कळलं, की आपण महिनाभर अर्जात, फोटोत आणि संमतीपत्रात होतो. लेक कान पाडून उभी राहिली. आता रागावतील, निदान विचारतील तरी, की मला का नाही सांगितलंस. ते म्हणाले, "चालेल."

हॉल खच्चून भरला. मावशींनी प्रास्ताविकात कांजिण्यांचा इतिहास सांगितला. पोस्टमास्तर स्वतः न्हावी झाले आणि भांडणाची वाक्यं अर्जाच्या भाषेत बोलू लागले. "सदर खुर्चीवर माझा अधिकार आहे!" भिंगरीला दुसरं गिऱ्हाईक व्हायचं होतं, पण गर्दी पाहून तिने आजोबांचा पाय धरला आणि सोडेना. बाबा फेस लावून बसले होते. शिंकेची जागा आली. त्यांनी मान मागे नेली. हॉल शांत झाला. मान मागेच राहिली. कुणीतरी खोकलं. शेवटी बाबांनी तोंडाने "आक्छी" असं म्हटलं, साधं, वाचून दाखवल्यासारखं, आणि फेस जिथल्या तिथे राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपलं माणूस परगावी निघालं की वाजवतात तशा. मागच्या रांगेत मावशींचा आवाज स्पष्ट आला, "मी म्हटलं नव्हतं? तो माणूस वेगळाच होता."

जिना चढताना तिचे डोळे भरून आले. "बाबा, माझ्यामुळे तुमची फजिती झाली."

"नाही गं." बाबा कठड्याला धरून थांबले, आणि आई गेल्यापासून बोलले नव्हते एवढं सलग बोलले. "ती शिंक माझी नव्हतीच. साबण वाईट होता, नाकात गेला. मी शिंकायचं नाही, असं चारदा बजावलं होतं मला. नंतर सूत्रधाराच्या बोवर फेस पाहून वाटलं, आता आपल्याला तुरुंगात टाकणार. त्या बाई हसल्या म्हणून वाचलो. आणि फीत पुसली ते बरंच झालं. असती, तर लोकांनी पाहिलं असतं की मी घाबरलो होतो. आता मी सांगेन तसंच ते झालं होतं."

"मग मला सांगा ना. सगळं, पहिल्यापासून."

"सांगतो की."

पण मग सामान भरायचं होतं. वजन जास्त भरलं, काढायचं होतं. भाऊ फोनवरून सूचना देत होता. विमानतळाच्या वाटेवर बाबांनी खरंच सुरुवात केली. "तर त्या दिवशी सकाळी मी मीटर वाचायला निघालो, आणि मंडळातला एकजण सायकलवरून ओरडत आला..." आणि ती म्हणाली, "बाबा, एक मिनिट. गोळ्या हातातल्या पिशवीत आहेत ना? मोठ्या सामानात नाहीत ना गेल्या?" गोळ्या शोधेपर्यंत विमानतळ आला. गोळ्या हातातल्याच पिशवीत होत्या. पहिल्यापासून तिथेच होत्या.

आता बाबा रविवारी फोनवर दिसतात. भाऊ फोन टेबलाला टेकवून निघून जातो, त्यामुळे बाबा छातीपर्यंतच दिसतात आणि पाठीमागे ते झाड दिसतं. ती विचारते, जेवलात का, थंडी आहे का, मोजे घातलेत का. बाबा म्हणतात, "हं." मध्येच चित्र थांबतं आणि ती थांबलेल्या चित्राशीच थोडा वेळ बोलत राहते.

परवाच्या रविवारी भिंगरीने तिच्या हातातून फोन ओढून घेतला, आतल्या खोलीत पळाली आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने आतून बाबांचा आवाज यायला लागला. 'हं' नव्हे. लांबच लांब वाक्यं. सायकलवरचा माणूस आला, साबणाचा डबा आला, जिन्यावरून उतरणारा सूत्रधार आला. भिंगरी खिदळत होती. आई दाराशी जाऊन उभी राहिली. फोनची बॅटरी संपत आलीय, हे तिला माहीत होतं. तिला अशा गोष्टी माहीत असतातच. चार्जर तिच्या हातात होता. दार ढकलायचं, वायर लावायची, बाहेर यायचं. पण दार ढकललं की तोंड उघडणार, तोंड उघडलं की काहीतरी बाहेर पडणार, आणि आतलं सगळं थांबणार. तिने आयुष्यात प्रथमच ठरवलं, की आपण आत जायचं नाही. ती चार्जर मुठीत धरून, श्वाससुद्धा जपून घेत, कान लावून उभी राहिली. आत गोष्टीतले बाबा खुर्चीत बसले होते, भांडण रंगात आलं होतं, साबण नाकात शिरत होता.

आणि मग एकदम शांतता.

दार उघडलं. भिंगरीच्या हातात काळा पडलेला फोन होता. तिने आईकडे पाहिलं, आईच्या मुठीतल्या चार्जरकडे पाहिलं, आणि पुन्हा आईकडे.

"तू इथेच होतीस?" ती म्हणाली. "मग आत का नाही आलीस?"